जाड पाठीचा मॉनिटर गेला कुठे?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आज आपण ज्या पडद्यांसमोर बसतो ते सारे सपाट आहेत. बँकेतला, दवाखान्यातला, तिकीट खिडकीतला, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावरचा, सगळेच. 2005 नंतर जन्मलेल्या मुलांना हातभर खोल पोटाचा, दोन्ही हातांनी कवेत घेऊन उचलावा लागणारा मॉनिटर बहुधा माहीतही नसेल. तरीही कल्याण-डोंबिवलीतल्या जुन्या घरांच्या माळ्यावर चादरीत गुंडाळलेला असा एखादा मॉनिटर अजून सापडतो. फेकायचा कसा हे कळत नाही आणि ठेवायचा कशासाठी हेही सांगता येत नाही, म्हणून तो तिथे राहिलेला असतो.

जेमतेम दहा वर्षांत हा बदल झाला. 2000 च्या सुमारास सपाट पडदा ही मोठ्या कंपन्यांच्या साहेबांच्या टेबलावरची चीज होती. 2010 पर्यंत नव्या संगणकाबरोबर जाड मॉनिटर मागणारा ग्राहक उरला नाही. या बदलात आपल्याला काय मिळाले, काय गेले, आणि जे जुने होते ते शेवटी कुठे गेले, या तीन प्रश्नांविषयी आज बोलायचे आहे. तिसरा प्रश्न आपण तेव्हा फारसा विचारला नाही. म्हणून तो आज विचारला पाहिजे.

काचेच्या पोटातली बंदूक

आधी जुन्या मॉनिटरची ओळख. दुकानदार आणि मेकॅनिक त्याला 'सीआरटी' म्हणत, घरात तो नुसता 'मॉनिटर' किंवा 'कॉम्प्युटरचा टीव्ही' असे. त्याचा मूळ पुरुष 1897 मधला. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने तेव्हा हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत वळवून दाखवला. पुढे शंभर वर्षे दूरचित्रवाणी आणि संगणक याच तत्त्वावर चालले.

या मॉनिटरच्या मानेत इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या तीन 'बंदुका' असत. मानेभोवती तांब्याच्या तारेची जाड वेटोळी असत. त्यांतल्या चुंबकशक्तीने इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ असा फिरवला जाई. वीस ते पंचवीस हजार व्होल्टच्या जोरावर हा झोत पुढच्या काचेवर आदळे, तिथला लाल, हिरवा, निळा लेप चमके आणि चित्र उमटे. हा लेप क्षणात विझतो, म्हणून तेच चित्र सेकंदाला 60, 75 किंवा 85 वेळा पुन्हा काढावे लागे. 1024 गुणिले 768 ठिपक्यांचे चित्र सेकंदाला 75 वेळा काढायचे म्हणजे झोताला सेकंदाला सुमारे साठ हजार ओळी आखाव्या लागत. इतकी धावपळ त्या डब्यात चाललेली असे आणि आपण समोर बसून एमएस-सीआयटीचा सराव करत असू.

या यंत्राला काही खोडी होत्या. सेकंदाला 60 वेळा चित्र काढले तर अनेकांना लुकलुक जाणवे आणि डोके दुखे. 75 किंवा 85 वर नेले की बरे वाटे. ही सोय बहुतेक मॉनिटरमध्ये होती, पण ती बदलायची असते हे फार थोड्यांना ठाऊक होते. पडद्याशी हात नेला की केस उभे राहत, आणि त्याच स्थिर विजेमुळे पडद्यावर धूळ चिकटे. शेजारी साधा स्पीकर ठेवला की कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग उमटे, कारण स्पीकरचे लोहचुंबक झोताला वाट चुकवत असे. सुरू करताना 'ढम्म' असा आवाज येई. तो मॉनिटर स्वतःचे चुंबकत्व झटकून टाकत असल्याचा आवाज होता.

कल्याणकरांना याचा आणखी एक अनुभव होता. रुळांलगतच्या इमारतींत लोकल सुटताना पडद्यावरचे चित्र किंचित डुलत असे. मध्य रेल्वेचा उपनगरी मार्ग तेव्हा 1500 व्होल्ट डीसी विजेवर चालत असे. गाडी वेग घेताना तारेतून आणि रुळांतून फार मोठा प्रवाह वाहतो, त्याचे चुंबकक्षेत्र आसपास पसरते आणि झोताला ढकलते. मॉनिटर दुरुस्तीला नेला की दुकानात तो ठणठणीत चाले आणि घरी आणला की पुन्हा डुले. दोष मॉनिटरचा नव्हताच. मुख्य मार्गावर 25,000 व्होल्ट एसीचे काम 2015 मध्ये पूर्ण झाले, पण तोवर बहुतेक घरांत सपाट पडदे आले होते. सपाट पडद्यात इलेक्ट्रॉनांचा झोतच नसल्याने त्याला गाडीचे सोयरसुतक नाही.

दहा बाय बाराच्या खोलीत

सपाट पडदा लोकांनी का घेतला? जाहिरातीत 'आधुनिक', 'स्लिम' असे शब्द असत. आपल्याकडची कारणे मात्र साधी होती.

पहिले कारण जागेचे. चाळीतली दहा बाय बाराची खोली किंवा वन-रूम-किचन यात संगणकाचे टेबल हेच मोठे संकट होते. 17 इंची मॉनिटरची खोली हातभर. त्यामुळे टेबल भिंतीपासून पुढे येई, खुर्ची मागे सरके, आणि संगणक चालू असताना कपाट उघडता येत नसे. शिवाय वजन पंधरा-सोळा किलो. लॅमिंग्टन रोडवरून मॉनिटर घेतला तर तो लोकलच्या मालडब्यातून कल्याणपर्यंत आणणे ही एक मोहीमच असे. तेवढ्याच आकाराचा सपाट पडदा पाच किलोच्या आसपास भरे आणि खोके हातात धरून आणता येई.

आकाराबाबत आणखी एक गंमत होती. जुन्या मॉनिटरचे इंच काचेच्या पूर्ण नळीचे मोजत. त्यातला काही भाग प्लॅस्टिकच्या चौकटीत दडलेला असे. 17 इंची मॉनिटरवर प्रत्यक्ष दिसणारे चित्र सुमारे 16 इंचांचे असे. सपाट पडद्याचे 15 इंच म्हणजे पूर्ण 15 इंच. म्हणून दुकानदार जेव्हा "पंधराचा टीएफटी म्हणजे सतराच्या जवळपासच" असे सांगे, तेव्हा तो फसवत नसे.

दुसरे कारण विजेचे. 2005 नंतरची काही वर्षे आठवून पाहा. मुंबई शहरात दिवे चालू आणि कल्याणात भारनियमन, अशी स्थिती होती. संगणकाच्या यूपीएसवर दहा-पंधरा मिनिटे मिळत आणि तेवढ्यात काम जतन करून संगणक बंद करण्याची घाई. 17 इंची जुना मॉनिटर साधारण 80 वॅट घेई, सपाट पडदा साधारण 35. त्यामुळे त्याच यूपीएसवर काही मिनिटे वाढून मिळत. शिवाय जुना मॉनिटर सुरू होताना जो झटका घेई, त्याने लहान यूपीएस कधीकधी बंदच पडे. विजेच्या बिलाचा हिशेबही सोपा आहे. फरक 45 वॅटचा. दिवसाला सहा तास वापर धरला तर वर्षाला सुमारे 100 युनिट वाचतात. एका घराला ही बचत लहान वाटेल, पण दहा-पंधरा संगणकांच्या सायबर कॅफेला किंवा संगणक क्लासला ती दर महिन्याला जाणवणारी होती. त्यातून जुने मॉनिटर खोली तापवत, ते वेगळेच.

तिसरे कारण नैसर्गिक आपत्तीचे. 26 जुलै 2005 च्या पावसात उल्हास आणि वालधुनी नद्यांचे पाणी कल्याण, उल्हासनगर, बदलापूर परिसरातल्या घरांत आणि दुकानांत शिरले. तळमजल्यावरचे संगणक पाण्याखाली गेले. जिथे वीस-पंचवीस हजार व्होल्ट तयार होतात, त्या यंत्रात गाळ शिरल्यावर ते वाळवून पुन्हा सुरू करणे धोक्याचे होते. नवीन घ्यायचाच तर सपाट घेऊ, असे अनेकांनी ठरवले. तोवर सपाट पडद्यांच्या किमतीही उतरत चालल्या होत्या.

नगरपालिकेच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या टेबलांवरही हाच बदल झाला. कल्याण-डोंबिवली महापालिकेने राज्यात इतरांच्या आधी संगणकीकृत कारभाराची वाट धरली होती. नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीत कर्मचारी आणि नागरिक यांच्यामध्ये मॉनिटरचे मोठे खोके असले की दोघांनाही एकमेकांचे तोंड दिसत नसे. पडदा सपाट झाला आणि खिडकीपलीकडचा माणूस दिसू लागला.

घरातल्या एका रिवाजाला मात्र धक्का बसला. दसऱ्याला संगणकाची पूजा करताना झेंडूची माळ मॉनिटरवर घातली जाई आणि वर्षभर त्याच्या पाठीवर एखादी छोटी गणपतीची मूर्ती विराजमान असे. पडद्याची पाठच गेल्यावर बाप्पांना जागा उरली नाही. मूर्ती टेबलावर उतरली आणि माळ पडद्याच्या चौकटीवरून घसरू लागली.

गाजरापासून नागपूरपर्यंत

सपाट पडद्याची कथा 1888 मध्ये सुरू होते. प्रागमध्ये फ्रीडरिख रायनिट्झर हे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होते. त्यांनी बनवलेला एक पदार्थ दोनदा वितळत असल्याचे त्यांना दिसले. सुमारे 145 अंशांवर तो गढूळ द्रव होई आणि सुमारे 178 अंशांवर तो द्रव एकदम स्वच्छ होई. मधल्या अवस्थेत तो पाण्यासारखा वाहत असे, पण प्रकाशाच्या बाबतीत स्फटिकासारखा वागे. त्यांनी हे ओटो लेहमन या भौतिकशास्त्रज्ञाला कळवले आणि 'द्रवस्फटिक' हा शब्द शास्त्रात आला. त्याचा उपयोग काय, हे पुढची ऐंशी वर्षे कोणालाच नीट ठाऊक नव्हते.

सपाट पडद्यात मागे एक पांढरा दिवा सतत जळत असतो. त्याच्या पुढे प्रकाश गाळणारे दोन पातळ पडदे एकमेकांना आडवे ठेवलेले असतात. पहिल्यातून उभा गाळलेला प्रकाश दुसऱ्यातून पार होऊ शकत नाही, सगळे काळे दिसते. या दोघांमध्ये द्रवस्फटिकाचा थर भरला की त्याचे रेणू जिन्यासारखे पीळ घेऊन उभे राहतात आणि प्रकाशाला वळवून दुसऱ्या पडद्यातून बाहेर काढतात. वीज दिली की पीळ सुटतो आणि वाट बंद होते. म्हणजे प्रत्येक ठिपका ही एक खिडकी आहे आणि वीज ही तिची झडप. 1024 गुणिले 768 च्या पडद्यावर 7,86,432 ठिपके. प्रत्येकाच्या लाल, हिरवी, निळी अशा तीन खिडक्या. म्हणजे 23 लाखांहून अधिक खिडक्या आणि प्रत्येकीमागे एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर. 'टीएफटी' हे नाव या पातळ ट्रान्झिस्टरांवरूनच पडले. खिडकी एकदा उघडली की पुढचा हुकूम येईपर्यंत तशीच राहते, म्हणून सपाट पडद्याला 60 वर ठेवले तरी जुन्यासारखी लुकलुक होत नाही.

आता महाराष्ट्राशी जोडलेला धागा. शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे नाव सामान्य वाचकाला फारसे माहीत नाही. नोबेल मिळवणारे खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर वेगळे. ते सर सी. व्ही. रामन यांचे पुतणे, हे भाचे. शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी 1951 मध्ये नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले आणि पुढे बेंगळुरूला रामन संशोधन संस्थेत द्रवस्फटिकांवर काम उभे केले. तोवर समज असा होता की लांबट, काडीसारख्या रेणूंचेच द्रवस्फटिक होतात. 1977 मध्ये चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी चकतीसारख्या चपट्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात, हे 'प्रमाण' या भारतीय नियतकालिकात दाखवून दिले. नाण्यांची चळत लावावी तसे हे रेणू एकावर एक बसतात.

याचा आपल्या मॉनिटरशी संबंध काय? सुरुवातीच्या सपाट पडद्यांचा मोठा दोष म्हणजे समोरून बघितले तर चित्र ठीक, बाजूने बघितले तर फिके किंवा उलटे. एका संगणकासमोर चौघे बसून निकाल बघायचा म्हटले तर पंचाईत. 1990 च्या दशकात जपानमध्ये चकतीच्या रेणूंचा एक पातळ थर तयार झाला. तो पडद्यावर बसवला की हा दोष बराच कमी होतो. स्वस्त सपाट पडदे घराघरांत जाण्यामागे या थराचा वाटा आहे. चंद्रशेखर 2004 मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांच्या शोधावर उभे राहिलेले पडदे कल्याणच्या दुकानांत नुकते पोहोचत होते.

दुकानदाराने न सांगितलेल्या गोष्टी

सपाट पडदा घरी आणल्यावर अनेकांची पहिली तक्रार असे, "अक्षरे पुसट दिसतात." कारण साधे होते. जुन्या मॉनिटरवर कोणताही मापाचा पट ठेवता येई. सपाट पडद्याचे ठिपके मात्र काचेत कायमचे कोरलेले असतात. 1024 ठिपक्यांच्या पडद्यावर 800 ठिपक्यांचे चित्र ताणून बसवले तर एका ठिपक्याच्या वाट्याला सव्वा ठिपका येतो, आणि सव्वा ठिपका तर लावता येत नाही. मग कडा धूसर होतात.

इंग्रजी वाचणाऱ्याला हे चालून जाई, मराठीला नाही. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर रफार, वेलांट्या आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. घ आणि ध, भ आणि म यांच्यात फरक एका छोट्या गाठीचा. ती गाठ धूसर झाली की वाचणारा अडखळतो. प्रा. र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकाराने संगणकासाठी 'मंगल' हा देवनागरी टंक घडवला, पण चुकीच्या मापाच्या पडद्यावर त्याचाही चेहरा बिघडे. ज्येष्ठ मंडळी अक्षरे मोठी दिसावीत म्हणून पडद्याचे माप कमी करून घेत आणि तिथेच घोटाळा होई. माप पडद्याचे मूळचेच ठेवायचे आणि अक्षरांचा आकार तेवढा वाढवायचा, हा त्यावरचा उपाय. तो आजच्या पडद्यांनाही तसाच लागू आहे.

टिळक चौक, पारनाका भागातल्या डीटीपी करणाऱ्यांनी जुने मॉनिटर बराच काळ सोडले नाहीत. लग्नपत्रिकेचा लाल रंग पडद्यावर जसा दिसतो तसाच कागदावर उतरावा लागतो. स्वस्त सपाट पडद्यावर मान थोडी खाली केली की तोच लाल गडद होई, वर केली की फिका. काळा रंगही खरा काळा नसे, मागचा दिवा झिरपून तो करडा दिसे. जुन्या मॉनिटरवर काळे म्हणजे काळे, कारण तिथे झोतच पडत नसे. छायाचित्रकारांचेही तेच म्हणणे होते. पुढे चांगल्या प्रतीचे पडदे परवडू लागले तेव्हा ही मंडळी वळली. 'नवे ते सर्वच बाबतींत सरस' असे नसते आणि ज्यांचे पोट त्यावर असते त्यांना ते आधी कळते.

डोळ्यांचेही तसेच. सपाट पडद्याने लुकलुक घालवली हे खरे, पण डोळ्यांचा थकवा संपला नाही. पडद्याकडे टक लावून बघताना माणूस पापण्या कमी मिटतो, डोळे कोरडे पडतात, मग चुरचुर होते. हे पडद्याच्या जाडीवर अवलंबून नाही. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरच्या वस्तूकडे 20 सेकंद बघावे, असा एक नियम नेत्रतज्ज्ञ सांगतात. खिडकीकडे पाठ करून किंवा खिडकी समोर घेऊन बसण्यापेक्षा ती बाजूला ठेवून बसावे. या गोष्टींना पैसे पडत नाहीत, म्हणून बहुधा त्यांची जाहिरातही होत नाही.

कारखान्यांचे काय झाले

या बदलात कोणाचे तरी हात रिकामे झाले. आपल्या राज्यातले ठळक उदाहरण व्हिडिओकॉनचे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, वाढलेल्या या समूहाने 2005 मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला. पोलंड, इटली, चीन, मेक्सिको अशा देशांतले कारखाने त्यात आले. त्या वेळी हिशेब असा होता की भारतासारख्या देशांत जाड संच अजून बरीच वर्षे विकले जातील. पण किमती अपेक्षेपेक्षा फार लवकर उतरल्या. 2007 च्या अखेरच्या तिमाहीत जगात प्रथमच जाड दूरचित्रवाणी संचांपेक्षा सपाट संच अधिक विकले गेले. पुढे समूह इतरही अनेक धंद्यांत शिरला आणि कर्जाचा डोंगर वाढत गेला. 2018 मध्ये त्याचे प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेले. पिक्चर ट्यूब हे त्याचे एकमेव कारण नव्हते, पण मावळत्या तंत्रावर केवढा मोठा डाव लावला गेला होता, हे त्यातून दिसते.

लहान प्रमाणावर हेच गल्लीतल्या मेकॅनिकच्या वाट्याला आले. जुना मॉनिटर बिघडला की 'एलओटी' गेला, कपॅसिटर गेला असे निदान होई आणि सुटा भाग बदलून काम भागे. सपाट पडद्यात काच फुटली की दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीला भिडतो. त्यामुळे "दुरुस्त करून द्या" याऐवजी "नवीनच घ्या" हे वाक्य रूढ झाले. ज्यांनी नवे शिकून घेतले ते टिकले. बाकीचे मोबाइलकडे वळले किंवा दुकान बंद करून बसले.

शिशाचा हिशेब

आता तिसरा प्रश्न. जुने मॉनिटर गेले कुठे?

पहिल्या फेरीत ते वाया गेले नाहीत. शहरातून गावाकडे गेले, मोठ्या कार्यालयातून छोट्या क्लासमध्ये गेले. काहींच्या नळ्या काढून स्वस्तातले दूरचित्रवाणी संच जोडले गेले. पण शेवटी प्रत्येक मॉनिटर भंगारवाल्याच्या हातगाडीवर आला. भंगारवाला त्यात तीन गोष्टी बघे: मानेभोवतीचे तांबे, प्लॅस्टिक आणि सर्किटचा पत्रा. काच त्याला नको असे.

आणि नेमके विष काचेतच होते. इतक्या दाबाच्या विजेमुळे नळीत क्ष-किरण तयार होतात. ते बाहेर येऊ नयेत म्हणून मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत शिशाचा अंश मिसळलेला असे. एका मॉनिटरमागे साधारण किलोभर शिसे. मॉनिटर चालू असताना हेच शिसे आपले रक्षण करत होते. काच फोडल्यावर मात्र ते धुळीत येते, पावसात मुरते. शिशाचा सर्वांत वाईट परिणाम लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होतो, आणि भंगाराच्या वखारीभोवती लहान मुले असतातच. तांब्याच्या तारांवरचे आवरण जाळून काढताना उठणारा धूर वेगळाच.

पूर्वी जुन्या नळीची काच वितळवून नव्या नळीत वापरत. गुजरातेत भरूचजवळ व्हिडिओकॉनची अशी भट्टी होती. परदेशातूनही जुनी काच तिथे येत असे. नव्या नळ्या बनणे थांबले तसे या काचेला गिऱ्हाईक उरले नाही. ज्या शहरात वेगळा कचरा घेण्याची सोय नाही, तिथे भंगारवाल्याने नाकारलेली काच बाकीच्या कचऱ्याबरोबरच जाणार. कल्याणचा कचरा अनेक वर्षे आधारवाडीच्या क्षेपणभूमीवर पडत होता, खाडीपासून फार दूर नव्हे. तिथे लागणाऱ्या आगींचा धूर आसपासच्या वस्तीने वर्षानुवर्षे सोसला. 2021 मध्ये तिथे कचरा टाकणे बंद झाले.

कायदा होता का? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2005 च्या अंदाजानुसार देशात वर्षाला 1 लाख 46 हजार टनांहून अधिक ई-कचरा निघत होता आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला होता. ई-कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम 2011 मध्ये आले आणि ते लागू झाले 1 मे 2012 रोजी. विकलेली वस्तू जुनी झाल्यावर तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर त्यातून प्रथमच आली. नंतर 2016 चे आणि 2022 चे नियम आले. 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. तारखा नीट पाहिल्या तर लक्षात येईल की जाड मॉनिटर टाकून देण्याची मोठी लाट 2005 ते 2012 दरम्यान आली. म्हणजे लाट ओसरत आली तेव्हा बांध घातला गेला. आपण टेबलावरची जागा वाचवली, विजेचे बिल वाचवले आणि त्याची किंमत हातोडीने काच फोडणाऱ्या, हातमोजेही नसलेल्या माणसाने चुकवली. त्या किमतीचा आकडा कोणाच्याच पावतीवर नव्हता.

आता काय करायचे

ही गोष्ट जुनी झाली असे वाटेल, पण तशी ती नाही. तेव्हा घेतलेले सपाट पडदे आता स्वतःच म्हातारे झाले आहेत. त्यांच्या पहिल्या पिढीत मागचा दिवा म्हणून नळीदिव्यासारख्या बारीक नळ्या असत आणि त्यांत थोडा पारा असतो. नंतर एलईडी आले तेव्हा पारा गेला. तेव्हा जुना सपाट पडदा हलका आहे म्हणून तो साध्या कचऱ्यात टाकण्याजोगा आहे, असे समजू नका.

टाकण्याआधी एक परीक्षा करून बघा. पडदा काळा झाला असेल तर संगणक चालू ठेवून त्यावर तिरका टॉर्च मारा. अंधुक चित्र दिसले तर काच शाबूत आहे, फक्त मागचा दिवा किंवा त्याला वीज पुरवणारे सर्किट गेले आहे. त्या काळच्या पडद्यांत कपॅसिटर फुगण्याचा रोग फार होता. जाणत्या मेकॅनिककडे हे काम थोडक्यात होते आणि पडदा आणखी काही वर्षे चालतो. दुरुस्त केलेला पडदा हाच सर्वांत कमी कचरा.

माळ्यावरचा जाड मॉनिटर मात्र स्वतः उघडायला जाऊ नका. वीज बंद असतानाही त्याच्या नळीत जोरदार धक्का देण्याइतकी वीज साठून राहू शकते. तो फोडून काच वेगळी करू नका, पावसात गच्चीवर ठेवू नका आणि तांब्याच्या मोहापायी कोणाला फोडायलाही देऊ नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या ई-कचरा प्रक्रिया केंद्राकडे किंवा सोसायटीत अधूनमधून होणाऱ्या ई-कचरा संकलनात तो अखंड द्या. एका माणसाने त्यासाठी खेप घालण्यापेक्षा सोसायटीतल्या दहा घरांनी मिळून दिला तर घेणारेही दारात येतात.

आणि नवा पडदा घेताना दुकानदाराला किंमत, आकार, हमी यांबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: "जुना तुम्ही घेता का, आणि घेतलात तर पुढे कुठे देता?" पहिल्या ग्राहकाला तो हसेल. दहाव्या ग्राहकाने विचारले की त्याला उत्तर शोधून ठेवावे लागेल. पुढच्या दहा वर्षांत आजचे पडदेही बदलणार आहेत. तेव्हा भंगाराच्या वखारीत बसलेल्या माणसावर त्याचा भार पडू नये, इतके तरी आपल्या हातात आहे.